रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचा कसा: सुईपासून आकड्यापर्यंत

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध जवळपास तयार झाला होता. टाइप २ मधुमेहाचे रुग्ण, तितकीच निरोगी माणसं आणि दोन्ही गटांच्या रक्तातलं मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे आम्ही ज्याला एमडीए म्हणतो ते. रुग्णांच्या रक्तात ते निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. सांख्यिकीवाल्या सरांनीही मान डोलावली. मी सहज विचारलं, "निरोगी माणसं कुठून आणलीस?"

"आपल्याच डिपार्टमेंटची, सर. लॅबमध्येच रक्त घेतलं आणि लगेच फिरवलं."

"आणि रुग्ण?"

रुग्ण ओपीडीतले. ओपीडी कॅम्पसच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी नऊपासून घेतलेल्या सगळ्या ट्यूब वॉर्डातले मामा दुपारी बाराला एकदम आणून द्यायचे. महिना एप्रिलचा. म्हणजे एका गटाचं रक्त दहा मिनिटांत थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात गेलं, दुसऱ्याचं तीन तास उकाड्यात बसलं. आम्ही मधुमेह मोजला होता की उन्हाळा, हे कुणालाच सांगता येईना.

त्या दिवसापासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी यंत्राआधी घड्याळ दाखवतो. खाली जे लिहिलं आहे ते प्रामुख्याने एमडी आणि एमएस्सी जीवरसायनशास्त्राच्या मुलांसाठी आणि छोट्या संशोधन-लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. कुणा डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या हातात असल्या तपासणीचं पॅकेज आलं असेल, तर त्यांनी शेवटाकडचा 'पॅकेज हातात असलेल्यांसाठी' हा भाग आधी वाचला तरी चालेल.

आपण नेमकं काय मोजतो

'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्दप्रयोग रूढ केला तो हेल्मुट सीस या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाने, १९८५ साली. त्यांची मांडणी अशी: शरीरात ऑक्सिडीकरण करणारे रेणू आणि त्यांना आवरणारी व्यवस्था यांचा तोल पहिल्यांच्या बाजूला झुकला आणि त्यातून इजा होण्याची शक्यता निर्माण झाली, की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हा तोल आहे, पदार्थ नाही. त्यामुळे साखर किंवा क्रिएटिनिन मोजतात तसा तो एका आकड्यात पकडता येत नाही.

मूळ गुन्हेगारही हाती लागत नाहीत. हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा अस्थिर रेणू, जन्मल्यावर नॅनोसेकंदांत कशावर तरी आदळून संपतं. तुम्ही दंडाला पट्टा बांधेपर्यंत अशी अब्जावधी रॅडिकल होऊन गेलेली असतात. म्हणून मोजायचे ते मागे राहिलेले अवशेष, किंवा मग बचावाची फौज.

अवशेष म्हणजे काय हे घरात कळतं. डब्यात विसरलेले शेंगदाणे खवट होतात, जुन्या खोबऱ्याला वास येतो. तिथे स्निग्धाम्लं हवेतल्या ऑक्सिजनने फुटत गेलेली असतात. आपल्या पेशींच्या पडद्यातली आणि रक्तातली बहुअसंतृप्त स्निग्धाम्लं फुटतात तेव्हा उरणाऱ्या तुकड्यांपैकी एक म्हणजे एमडीए. ते मोजणारी थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी खाद्यपदार्थांचा खवटपणा तपासणाऱ्यांनीही वर्षानुवर्षं वापरली आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवा. ट्यूबमधलं रक्तही खवट होऊ शकतं आणि चाचणीला दोन्ही खवटपणा सारखेच दिसतात.

पहिली पायरी: प्रश्न आधी, चाचणी नंतर

मुलं येतात ती किटची जाहिरात घेऊन. "सर, हे टोटल अँटिऑक्सिडंट किट स्वस्त मिळतंय, यावर विषय होईल का?" असा विषय होत नाही. आधी ठरवा की तुम्हाला इजा बघायची आहे, बचाव बघायचा आहे, की उपचारानंतर झालेला फरक.

इजा बघायची असेल तर स्निग्धाम्लांसाठी एमडीए किंवा एफ२-आयसोप्रोस्टेन, प्रथिनांसाठी प्रोटीन कार्बोनिल आणि डीएनएसाठी ८-हायड्रॉक्सी-डीऑक्सीग्वानोसिन. शेवटचं लघवीत मोजणं सोयीचं, क्रिएटिनिनच्या प्रमाणात. बचाव बघायचा असेल तर लाल पेशींतलं ग्लुटाथायोन (बचाव करणारा एक छोटा रेणू), सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं, आणि प्लाझ्मातली, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवातली, क आणि ई जीवनसत्त्वं.

यांत सगळ्यात भरवशाचा कोण, तर एफ२-आयसोप्रोस्टेन. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मॉरो आणि रॉबर्ट्स यांच्या गटाने १९९० मध्ये ते दाखवून दिले. अ‍ॅराकिडोनिक आम्लावर रॅडिकलचा थेट हल्ला होऊन ते तयार होतात, एन्झाइम लागत नाही. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण-आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन, म्हणजे यकृतात ऑक्सिडेटिव्ह इजा नक्की घडवून, वेगवेगळे निर्देशक तपासले गेले. आयसोप्रोस्टेन आणि मास स्पेक्ट्रोमीटरने (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने) मोजलेलं एमडीए त्या परीक्षेत उतरलं. आपली लाडकी गुलाबी रंगाची टीबार्स, म्हणजे वर सांगितलेली थायोबार्बिट्युरिक आम्लाची (टीबीए) चाचणी, उतरली नाही.

मग सगळे टीबार्सच का करतात? कारण त्याला लागतं पाणी उकळायचं भांडं आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची गडदता मोजणारं यंत्र), तर आयसोप्रोस्टेनला लागतं मास स्पेक्ट्रोमीटर. बाजारात आयसोप्रोस्टेनची एलायझा (अँटिबॉडीने रेणू पकडून मोजणारी) किट मिळतात, पण अँटिबॉडी जवळच्या नात्यातल्या रेणूंनाही पकडते आणि आकडे मास स्पेक्ट्रोमीटरशी नीट जुळत नाहीत. माझं मत विचाराल तर जवळच्या फार्मसी कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक स्तंभातून वेगळे काढणारं यंत्र) असेल तर त्यांच्याशी बोला. एमडीए-टीबीएचं गुलाबी संयुग स्तंभातून वेगळं काढून मोजलं तरी अर्धी चूक जाते.

मधुमेहासारख्या विषयासाठी इजेचा एक, ग्लुटाथायोनचा एक आणि एखादं एन्झाइम, एवढं पुरे. दहा चाचण्या लावल्या की त्यातली एखादी योगायोगानेच 'सिग्निफिकंट' निघते आणि मग तिच्याभोवती चर्चा रचावी लागते.

दुसरी पायरी: रक्त कुणाचं घ्यायचं

वय, लिंग, बीएमआय जुळवणं सगळ्यांना ठाऊक असतं. तंबाखूपाशी गाडी अडते. "धूम्रपान करता का?" या प्रश्नाला गावाकडची आजी "छे गं बाई" म्हणेल आणि ते खरंही असेल. ती रोज सकाळी मशेरी लावत असते. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड तिच्या लेखी व्यसन नसतेच, दात घासणं असतं. म्हणून प्रश्नावलीत विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी, तपकीर अशी नावं घेऊन विचारा.

दुसरा घोळ उपाशीपोटीचा. एका आजोबांना सांगितलं होतं, "उद्या उपाशीपोटी या." आले. विचारलं, काही खाल्लं नाही ना? "नाही नाही, आज चतुर्थी, कडक उपवास आहे. फक्त खिचडी आणि चहा." साबुदाणा, तूप आणि शेंगदाण्याचं कूट पोटात गेल्यावर तासाभरात प्लाझ्मा दुधाळ व्हायला लागतो आणि टीबार्सचं रीडिंग गढूळपणानेच वर चढतं. तेव्हा सूचना स्पष्ट द्या: रात्री जेवणानंतर बारा तास पाण्याशिवाय काही नाही. फराळही नाही.

आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम, गेल्या दोन आठवड्यांतला ताप किंवा संसर्ग, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन, स्टॅटिन, मेटफॉर्मिन या सगळ्यांची नोंद हवी. सोबत त्याच रक्तातून हिमोग्लोबिन, लिपिड प्रोफाइल, युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन करून ठेवा. का, ते पुढे येईलच. एथिक्स कमिटीची मंजुरी पहिलं रक्त काढण्याआधीची हवी आणि औषध देऊन तुलना करणार असाल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणीही पहिला रुग्ण घेण्याआधी. तारखा मागेपुढे झाल्या तर पुढे कुणी ऐकून घेत नाही.

तिसरी पायरी: पहिली तीस मिनिटं

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घेणार आहे.

टॉर्निकेट (दंडाचा पट्टा) मिनिटाच्या आत सोडा. मुठी उघडझाप करायला लावू नका. बारीक सुईने जोरात ओढलेलं आणि सिरिंजमधून सुईसकट ट्यूबमध्ये फसकन सोडलेलं रक्त हमखास फुटतं. लाल पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन आणि लोह प्लाझ्मात येतं. लोह हे ऑक्सिडीकरण पेटवणाऱ्या काडेपेटीचं काम करतं, शिवाय हिमोग्लोबिनचा रंग रीडिंगमध्ये मिसळतो. फिरवल्यावर प्लाझ्मा गुलाबी दिसला तर ते सॅम्पल टाकून द्या. "थोडंसंच आहे, चालेल" असं म्हणू नका.

ट्यूब कोणती? एमडीए आणि ग्लुटाथायोनसाठी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची. ईडीटीए लोह-तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे ट्यूबमधला खवटपणा मंदावतो. पण तोच गुण फ्रॅप या एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या चाचणीत अडचण होतो, कारण ती चाचणी मुळात लोहावरच चालते. फ्रॅप करायचं असेल तर हिरव्या टोपणाची हेपारिन ट्यूब घ्या. एकाच जांभळ्या ट्यूबमध्ये सगळं उरकायचा मोह आवरा.

रक्त घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करा. हलवून फेस आणू नका. मग बर्फात ठेवा. थर्माकोलचा डबा आणि कुटलेला बर्फ पुरे, फक्त ट्यूब बर्फावर आडवी टेकवून गोठवू नका, बर्फ-पाण्याच्या काल्यात उभी करा. ट्यूबवर रुग्णाच्या सांकेतिक क्रमांकाबरोबर रक्त घेतल्याची वेळ लिहा. प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ वहीत लिहा. या दोन वेळांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं हवं, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत. रुग्ण ओपीडीत असतील तर निरोगी माणसांनाही तिथेच बोलवा, त्याच खुर्चीवर बसवा, त्याच डब्यातून आणि त्याच मामांच्या हातून ट्यूब येऊ द्या. लांबच्या वॉर्डातून अर्ध्या तासात आणणं जमत नसेल तर छोटा सेंट्रिफ्यूजच तिकडे न्या.

सेंट्रिफ्यूज ४ अंश सेल्सियसचा असेल तर उत्तम. साधारण १५०० जी वेगाने दहा मिनिटं फिरवा. जी आणि आरपीएम एकच नाही, रोटरच्या त्रिज्येवरून हिशेब करा. वरचा प्लाझ्मा काढताना मधल्या पांढऱ्या थराच्या अर्धा सेंटिमीटर वर थांबा. त्या थरातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट प्लाझ्मात आल्या तर गोठवल्यावर फुटतात आणि आपलं सामान त्यात ओततात.

खाली राहिलेल्या लाल पेशी एन्झाइमांसाठी लागतील. थंड सलाइनने तीनदा धुवा, मग थंड डिस्टिल्ड पाणी घालून फोडा. या द्रावणाचं हिमोग्लोबिन मोजा, कारण एन्झाइमचा निकाल 'युनिट प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन' असाच द्यायचा असतो. अ‍ॅनिमियाचे रुग्ण आपल्याकडे भरपूर. निकाल प्रति मिलिलिटर रक्त दिलात तर तुम्ही एन्झाइम नाही, रक्ताची कमतरता मोजाल. आणि एक सूचना: हिमोग्लोबिन मोजायला वापरतात त्या ड्रॅबकिनच्या द्रावणात सायनाइड असतं, तांबं-जस्तवाल्या डिसम्युटेजला ते बंद पाडतं. दोन्हींचे पिपेट वेगळे ठेवा आणि ते द्रावण आम्लात ओतू नका.

ग्लुटाथायोनचं वेगळं प्रकरण

रक्तातलं जवळजवळ सगळं ग्लुटाथायोन लाल पेशींत असतं. त्याची साधी अवस्था जीएसएच आणि ऑक्सिडीकरण झालेली जीएसएसजी. दोन्हींचं गुणोत्तर हा फार देखणा निर्देशक आहे आणि फार फसवाही. प्रथिनं खाली बसवण्यासाठी आपण रक्तात आम्ल घालतो, त्या क्षणी जीएसएचचा थोडा भाग आपोआप जीएसएसजी होतो.

किती फरक पडतो बघा. समजा खरं जीएसएच १००० मायक्रोमोल आहे आणि जीएसएसजी फक्त २. हाताळताना जीएसएचचा केवळ २ टक्के भाग बिघडला. म्हणजे २० मायक्रोमोल गेले आणि दोनाला एक या हिशेबाने १० मायक्रोमोल जीएसएसजी नवं तयार झालं. आता यंत्र दाखवणार ९८० आणि १२. गुणोत्तर ५०० वरून ८२ वर आलं. रुग्णाला काहीही झालेलं नाही, तरी कागदावर तो गंभीर आजारी.

उपाय एकच: एन-इथिलमॅलिमाइड. हे रसायन जीएसएचच्या गंधकाला लगेच झाकून टाकतं. ते रक्त काढल्याबरोबर, आम्ल घालण्याआधी घालायचं. सगळ्यात बरं म्हणजे आधीच मोजून ट्यूबमध्ये ठेवायचं. मात्र पुढे टिट्झच्या १९६९ च्या पद्धतीने, म्हणजे ग्लुटाथायोन रिडक्टेजच्या पुनर्चक्राने जीएसएसजी मोजायचं असेल, तर उरलेलं एन-इथिलमॅलिमाइड आधी काढून टाकावं लागतं, नाहीतर ते एन्झाइमलाच अडवतं. हे सगळं जमणार नसेल तर गुणोत्तराचा नाद सोडा. फक्त लाल पेशींतलं एकूण जीएसएच एलमनच्या अभिकर्मकाने ४१२ नॅनोमीटरला मोजा आणि तेवढंच लिहा. प्रामाणिक साधा आकडा चालतो.

चौथी पायरी: गोठवण

प्लाझ्मा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा, कारण एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही. थोडं बीएचटी, म्हणजे खाद्यतेलात खवटपणा थांबवायला वापरतात तेच रसायन, आधी घाला. तापमान उणे ८० अंश. उणे २० वर ऑक्सिडीकरण थांबत नाही, मंदावतं इतकंच. आयसोप्रोस्टेनच्या बाबतीत तर उणे २० वर ठेवलेल्या प्लाझ्मात ते नव्याने तयार होत राहतात.

आता लाइट. डीप फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा, लॅब इनचार्जला नाही. सुट्टीच्या दिवसांत तापमानाची नोंद कोण करतं ते ठरवा. दिवाळीच्या सुट्टीत बंद पडून परत चालू झालेला फ्रीझर बाहेरून अगदी निरागस दिसतो. आम्ही एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवतो. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मध्येच सगळं वितळून गेलं होतं. यंत्राचा अलार्म असला तरी नाणं असू द्या.

रुग्णांची सॅम्पल जानेवारीत आणि निरोगींची जूनमध्ये, असं करू नका. दोन्हीकडची माणसं दर आठवड्याला थोडी थोडी घ्या, एकाच रॅकमध्ये मिसळून ठेवा, एकाच दिवशी एकत्र लावा आणि लावणाऱ्याला कोणतं कुणाचं हे कळू देऊ नका.

पाचवी पायरी: टीबार्स, बैठकीत बसून

ब्यूगे आणि ऑस्ट यांची १९७८ ची पद्धत साध्या लॅबला झेपते. अभिकर्मकात १५ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, ०.३७५ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. थायोबार्बिट्युरिक आम्ल लवकर विरघळत नाही, किंचित कोमट करून ढवळत राहा. एक भाग प्लाझ्मा, दोन भाग अभिकर्मक. उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं. नळीच्या तोंडावर काचेची गोटी ठेवा, वाफ उडून आकारमान कमी होत नाही. मग थंड करा, १००० जीला दहा मिनिटं फिरवा आणि वरचं गुलाबी द्रावण ५३५ नॅनोमीटरला वाचा.

दोन ब्लँक (रीडिंगमधून वजा करायची कोरी मापं) लागतात आणि मुलं एकच ठेवतात. एक अभिकर्मकाचा, ज्यात प्लाझ्माऐवजी पाणी. दुसरा प्रत्येक सॅम्पलचा स्वतःचा, ज्यात प्लाझ्मा आहे पण थायोबार्बिट्युरिक आम्ल नाही. कावीळ झालेल्या, दुधाळ किंवा किंचित फुटलेल्या प्लाझ्माचा स्वतःचा रंग या दुसऱ्या ब्लँकशिवाय वजा होत नाही.

हिशेब सोपा आहे. या संयुगाचा मोलर विलोपन गुणांक, म्हणजे किती तीव्रतेला किती प्रकाश शोषला जातो तो आकडा, १,५६,००० (दर मायक्रोमोलला ०.१५६) धरतात. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ब्लँक वजा जाता रीडिंग ०.१४० आलं, तर ०.१४० भागिले ०.१५६ म्हणजे ०.९० मायक्रोमोल प्रति लिटर. प्लाझ्मा तिप्पट पातळ झाला होता, म्हणून गुणिले ३. उत्तर सुमारे २.७. तरीही केवळ गुणांकावर विसंबू नका. टेट्रामेथॉक्सिप्रोपेनपासून स्टँडर्ड (ठाऊक तीव्रतेची द्रावणं) करा, आम्लात त्याचं एमडीए होतं, आणि दर वेळी वक्र काढा. एका प्लाझ्मात ठाऊक असलेलं एमडीए मिसळून ते किती परत मिळतं हेही एकदा बघून घ्या.

प्रत्येक सॅम्पल दोनदा लावा. पहिल्याच आठवड्यात दहा-बारा जणांचा प्लाझ्मा एकत्र करून त्याच्या छोट्या ट्यूब भरून ठेवा आणि प्रत्येक बॅचमध्ये एक लावा. तिचं रीडिंग नेहमीपेक्षा दूर गेलं तर ती बॅच रद्द. रुग्णाचा निकाल किती 'छान' आला याकडे बघून बॅच ठेवायची की टाकायची हे ठरवू नये, एवढ्यासाठीच हा आटापिटा.

आणि नावात प्रामाणिकपणा ठेवा. साखर, सायलिक आम्ल, बिलिरुबिन यांच्याशीही थायोबार्बिट्युरिक आम्ल रंग देतं. मधुमेहात तर साखरच वाढलेली. म्हणून एचपीएलसी न करता आलेल्या आकड्याला 'एमडीए' न म्हणता 'टीबार्स' म्हणा. लिपिड प्रोफाइल इथे कामाला येतं: ज्याच्या रक्तात चरबीच दुप्पट, त्याच्यात फुटायला माल जास्त. एमडीए लिपिडच्या प्रमाणात मांडून फरक टिकतो का ते पाहा.

बचावाचे आकडे आणि त्यांची दिशा

सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं काम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडलं. पायरोगॅलॉल आपोआप ऑक्सिडाइझ होण्याचा वेग हे एन्झाइम किती अडवतं, ते ४२० नॅनोमीटरला बघतात. मोजणं अवघड नाही, अर्थ लावणं अवघड आहे. ताण वाढला की आधी शरीर एन्झाइम वाढवतं, ताण लांबला की ते थकतं. त्यामुळे 'वाढलं' आणि 'घटलं' या दोन्ही निकालांना चर्चेत हवं ते स्पष्टीकरण देता येतं, आणि लोक देतात. अपेक्षित दिशा रक्त काढण्याआधी लिहून ठेवा.

फ्रॅप ही बेंझी आणि स्ट्रेन यांची १९९६ ची चाचणी. फेरिक लोहाचं फेरस झालं की निळा रंग, ५९३ नॅनोमीटरला. पाच मिनिटांत होते, स्वस्त आहे, आणि तिचा मोठा हिस्सा युरिक आम्लाचा असतो. युरिक आम्ल ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ३५७ मायक्रोमोल, आणि एकास दोन लोह या हिशेबाने फ्रॅपमध्ये त्याचे एकट्याचेच ७१४ झाले. एकूण फ्रॅप ११०० असेल तर उरलं काय? मूत्रपिंड बिघडलेल्या किंवा गाऊटच्या रुग्णाची 'अँटिऑक्सिडंट क्षमता' म्हणूनच झकास दिसते. युरिक आम्ल वजा करून दुसरा स्तंभ द्या. आणि ग्लुटाथायोन या चाचणीत जवळपास दिसतच नाही, हेही लिहा.

पॅकेज हातात असलेल्यांसाठी

मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्व किंवा केस गळण्यासाठी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' सुचवलं गेलं असेल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणती पद्धत? नॉर्मलची मर्यादा कुणाच्या रक्तावरून काढली? आणि निकाल जास्त आला तर माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार?

तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'या कॅप्सूल' असं येतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या एटीबीसी चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. २०११ च्या सिलेक्ट चाचणीच्या निकालात रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त होता. मोठ्या आशेने सुरू झालेल्या या चाचण्या होत्या.

एकाच माणसाची तपासणी दोनदा करून 'सुधारणा झाली' असंही सांगितलं जातं. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. समजा लॅबची स्वतःची चढउतार ८ टक्के आहे आणि माणसाची दिवसागणिक होणारी २० टक्के. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की २१.५ येतं, त्याला २.७७ ने (दोन मोजण्यांतला फरक ९५ टक्के खात्रीने सांगण्यासाठीचा ठरलेला गुणक) गुणलं की जवळपास ६०. म्हणजे आकडा ६० टक्क्यांनी हलला तरच तो खरा बदल मानायचा. ३० टक्क्यांची 'सुधारणा' नुसत्या वाऱ्यानेही होते.

बोटाच्या थेंबावर होणारी डी-रॉम्स चाचणीही काही ठिकाणी दिसते. तिचं रीडिंग सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनामुळेही वाढतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी ते प्रथिन वाढतं. गोळी घेणाऱ्या तरुण मुलीचा रिपोर्ट लाल रंगात आला तर आधी गोळीचं विचारा.

या सगळ्या गोतावळ्यातली जी तपासणी खरोखर निर्णय बदलते ती वेगळीच आहे: जी६पीडी. हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी ऑक्सिडीकरणाचा मारा सोसू शकत नाहीत, आणि व्हायव्हॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं तर त्या धडाधड फुटतात. डॉक्टरांनी ही लिहून दिली असेल तर मात्र टाळू नका.

प्रबंधाच्या परिशिष्टात

पद्धतीच्या प्रकरणात 'सॅम्पल प्रमाणित पद्धतीने गोळा केली' हे वाक्य मी खोडतो. त्याऐवजी परिशिष्टात एक तक्ता लागतो: सांकेतिक क्रमांक, रक्त घेतल्याची वेळ, प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ, गोठवल्याची तारीख, चाचणीची तारीख, बॅच, प्लाझ्माचा रंग.

त्या विद्यार्थिनीने नंतर हा तक्ता भरत पुन्हा सगळी सॅम्पल गोळा केली. निरोगी माणसांना ओपीडीत बसवलं, बर्फाचा डबा मामांच्या हाती दिला आणि मामांनाच वेळ लिहायला शिकवलं. प्रबंध सहा महिने लांबला. रुग्ण आणि निरोगी यांतला फरक उरला, पण पहिल्याच्या निम्माही नव्हता. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, इतका थोडा फरक कसा? तिने तक्त्याचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.